वैशाखातला हीटर

टक्कल पडलेल्या माणसाच्या खिशात कंगवा असावा, तसा आमच्या गाडीत हीटर आहे. तोही पुण्यात, जिथे थंडी वर्षाला पंधरा दिवस येते आणि ट्रंकेतले स्वेटर उन्हात टाकून डांबरगोळीचा वास जाईपर्यंत निघूनही जाते.

गाडी खरं तर माझी नाही, सासऱ्यांची. अण्णांना तीन मुली. ‘तिघा जावयांपैकी ज्याला पान्याचे नंबर कळतात, त्यानं गाडी बघावी,’ असं त्यांनी एका दिवाळीत फराळाच्या वेळी जाहीर केलं. माझे दोन्ही साडू इंजिनिअर. ते प्रामाणिकपणे ‘नाही कळत’ म्हणाले आणि पुन्हा चकल्यांकडे वळले. मी बँकेतला माणूस. तोंडात अनारसा असल्यामुळे माझं ‘अं’ हे ‘हो’ असं ऐकू गेलं. त्या दिवसापासून १९५३ची मॉरिस मायनर माझ्याकडे आली. कागदावर ती अजून अण्णांचीच आहे. माझ्याकडे फक्त तिची दुखणी.

या मायनरची जन्मकथा मोठी गमतीची आहे. तिचा आराखडा ॲलेक इसिगॉनिस यांचा. नमुना तयार झाल्यावर त्यांना तो अरुंद वाटला, म्हणून त्यांनी गाडी उभी मधोमध कापायला लावली. मग दोन्ही अर्धुकं एकमेकांपासून लांब सरकवत नेली आणि चार इंचांवर नजरेला पटल्यावर ‘बस’ म्हणाले. बॉनेटवरून जाणारी मधली पट्टी ही त्या शस्त्रक्रियेची खूण. १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात गाडी लोकांपुढे आली. मालक लॉर्ड नफील्ड यांना ती मुळीच आवडलेली नव्हती. ते तिला पाण्यात फोडून उकडलेल्या अंड्याची उपमा देत. पुढे ही अंडी सोळा लाखांच्या आसपास खपली. हिंदुस्थान मोटर्सनं तीच आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ या नावानं आणली. माझे दोन्ही साडू मागच्या सीटवर शेजारी शेजारी बसतात, तेव्हा इसिगॉनिससाहेबांनी आणखी चार इंच सरकवायला हरकत नव्हती असं वाटतं.

हीटर मात्र गाडीबरोबर आलेला नाही. त्या काळी इंग्लंडातसुद्धा मायनरला हीटर हवा असेल तर जादा पैसे मोजावे लागत. अण्णांचे एक मावसभाऊ लीड्सला असत. तिथल्या पहिल्याच हिवाळ्यात ते इतके गारठले, की आपल्या भावाच्या गाडीत हीटर नाही या विचारानं त्यांना झोप येईना. भाऊ पुण्यात राहतो हा तपशील बहुधा गोठला असावा. १९७१ साली त्यांनी एका मोडीत निघालेल्या मायनरमधून हीटर उतरवून बोटीनं पाठवून दिला. तो सोडवून आणायला अण्णा मे महिन्यात मुंबईला गेले. गोदीतल्या अधिकाऱ्यानं खोकं उघडून विचारलं, “काय आहे?”

“हीटर.”

“आंघोळीचा?”

“गाडीचा.”

अधिकाऱ्यानं अण्णांकडे बघितलं, खिडकीबाहेरच्या उन्हाकडे बघितलं आणि म्हणाला, “न्या.” अण्णा हा किस्सा आपल्या वजनाचा पुरावा म्हणून सांगतात. मला त्यात निव्वळ भूतदया दिसते.

हा हीटर म्हणजे वरणाच्या पातेल्याएवढा गोल डबा. डॅशबोर्डच्या खाली, शेजारी बसणाऱ्याच्या नडग्यांना लागेल अशा बेतानं बसवलेला. आत एक चिमुकला रेडिएटर आणि त्यामागे पंखा. इंजिन थंड ठेवणारं पाणी तापतं, ते थोडं या डब्यातून फिरवून आणायचं आणि पंख्यानं त्याची ऊब गाडीत सोडायची. पेट्रोलचा जास्तीचा थेंबही लागत नाही. तसंही जाळलेल्या पेट्रोलमधला जेमतेम पाव भाग चाकांपर्यंत पोचतो आणि बाकीचा उष्णता होऊन वाया जातो. बँकेत आम्ही अशा खात्याला बुडीत म्हणायचो; इंग्रजानं त्यातूनही वसुली काढली.

मात्र हीटर ‘लावायचा’ म्हणजे दोन कामं. पंख्यासाठी डॅशबोर्डवरचा नॉब ओढायचा, हे सोपं. गरम पाण्यासाठी मात्र गाडी थांबवून खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं आणि इंजिनाच्या मागच्या अंगाची पितळी तोटी हातानं सोडायची. इंग्रज माणूस ती हिवाळ्याच्या तोंडाशी उघडी आणि उन्हाळा लागला की बंद करी. वर्षातून दोनदा, आपल्याकडे गाद्यांना ऊन दाखवावं तशी. आमची तोटी १९७१पासून बंदच होती. हीटरचा विषय निघाला की अण्णा म्हणत, “उत्तम चालतो. गरज पडली नाही इतकंच.”

गरज पडली ती अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाला. “अण्णा, तुम्हांला काय देऊ?” असं मी नको त्या उत्साहात विचारलं. ते म्हणाले, “जावईबापू, काही देऊ नका. जानेवारीत आपल्या गाडीनं महाबळेश्वरला नेऊन आणा. वेण्णा तलावावर दव गोठतं म्हणतात. मला तिथे हीटर लावून बसायचंय.”

नोव्हेंबरात मी मिस्त्रींना बोलावलं. आमचे मिस्त्री सत्तरीचे, नाना पेठेतले. डॉक्टर जसे आधी नाडी बघतात तसे हे आधी चहा मागवतात. चहा झाल्यावर त्यांनी हीटरचा नॉब ओढला. पंखा ढिम्म हलला नाही. पण बाहेर खट्ट आवाज झाला आणि दाराच्या मागच्या खांबातून पिवळा हात बाहेर आला.

नव्या पिढीसाठी सांगतो: तेव्हा वळताना दिवा लुकलुकत नसे. गाडीच्या अंगातून वीतभर लांबीचा एक हात बाहेर येई, त्याच्या पोटात बारीक दिवा. तो अडकला की खांबावर बुक्की मारायची, हा जगन्मान्य उपाय. तर आमची गाडी हीटर लावला की डावीकडे वळते असं सांगायची.

“साहेब,” मिस्त्री म्हणाले, “ह्यात लई लोकांनी हात घातलेत.”

डॅशबोर्ड हा शब्द मुळात घोडागाडीतला. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे मारलेली फळी, ती ही. घोडा गेला, फळी राहिली, आणि चिखलाऐवजी तिच्यामागे तारा साठायला लागल्या. आमच्या फळीमागे सत्तर वर्षांचा साठा होता. इंग्रजांनी तारांना रंगांची शिस्त घालून दिलेली: तपकिरी थेट बॅटरीतून येणारी, पांढरी किल्लीनंतरची, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थची. वर सुती विणीचं वेष्टण. आमच्या गाडीत तीन-चार तारांवर ते वेष्टण जुन्या पोथीच्या बासनासारखं लोंबत होतं. बाकी सगळ्या तारा लाल. कोणे एके काळी कोणा मिस्त्रीला लाल वायरचं अख्खं वेटोळं स्वस्तात मिळालं असणार. एकच तार हिरवी निघाली. मिस्त्रींनी ती ओढली, तर दुसऱ्या टोकाला बल्बचा होल्डर! आकाशकंदिलाची वायर. कोणत्या दिवाळीची, हे सासूबाईंनाही आठवेना.

फ्यूज फक्त दोन, प्रत्येकी ३५ अँपिअरचे. त्यातल्या एकाच्या काचनळीला सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला होता. अण्णा आयुष्यात कधी सिगारेट ओढले नाहीत, असं आम्ही सगळे त्या क्षणापर्यंत समजत होतो. अण्णा घाईघाईनं म्हणाले, “पाहुण्यांची असेल.” सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मग नॉब काढायचा समारंभ. हा नॉब आट्यांवर फिरत नाही. त्याच्या मानेला खालून एक भोक असतं, सुईनं टोचल्याएवढं. भोकात स्प्रिंगवर बसलेली एक बारीक खुंटी असते. ती आत दाबायची आणि दाबलेली ठेवून नॉब ओढायचा. दाबायला काय घ्यावं? मिस्त्रींचा सर्वांत लहान पेचकस जाईना. शेवटी बायकोनं साडीपिन दिली आणि “परत हवी” असं बजावलं. मी डॅशबोर्डखाली आडवा, मान हीटरच्या डब्यावर, एका हातात पिन, दुसऱ्या हातात बॅटरीचा दिवा. म्हणजे नॉब ओढायला तिसरा हात हवा. तो अण्णांनी पुरवला. “आता!” मी म्हणालो. अण्णांनी ओढलं. नॉब निघाला, स्प्रिंग टुणकन उडाली आणि साडीपिन डॅशबोर्डच्या आत पडली. स्प्रिंग तासाभरानं तुळशीवृंदावनात सापडली. पिन अजून आतच आहे. डावीकडे वळताना कधीकधी हॉर्न वाजतो तो तिच्यामुळे, असं माझं मत. बायकोच्या मते तो गाडीनं काढलेला निषेधाचा सूर आहे.

आतला स्विच उघडला तेव्हा पितळेवर हिरवागार कळंक. चिंच आणि मीठ लावून घासण्याची सूचना आतून आली. मिस्त्रींनी पॉलिश पेपरवर भागवलं. फळीच्या मागून निघालेला ऐवज असा: कंगोऱ्यांचा दहा पैशांचा ॲल्युमिनियमचा तुकडा, अर्धी सुपारी, अंगाऱ्याची पुडी आणि एक हेअरपिन. हेअरपिन कोणाची, हा प्रश्न सिगारेटच्या कागदानंतर लगेच उपस्थित न करण्याचं तारतम्य सर्वांनी दाखवलं.

पंखा न फिरण्याचं कारण मात्र निसर्गानं दिलं होतं. पात्याच्या आणि डब्याच्या मधल्या फटीत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं, चांगलं तीन खोल्यांचं. त्यासाठी डबा खाली घ्यायचा आणि डबा घ्यायला चार नट सोडवायचे. हे नट इंचांतले, मिस्त्रींचे पाने मिलिमीटरचे. ७/१६ इंच म्हणजे ११.११ मिलिमीटर. अकरा नंबर त्या एक दशांशासाठी अडून बसतो आणि बारा नंबर नुसताच गरागरा फिरतो. गेलं आयुष्य मी पैशांचा हिशेब दोन दशांश स्थळांपर्यंत जुळवण्यात घालवलं. निवृत्तीनंतर तीच स्थळं पाठीवर पडून पुन्हा भेटतील असं वाटलं नव्हतं. दोन रविवार आणि एक बुधवार जुन्या बाजारात घालवल्यावर एका गोणपाटावर, तुटक्या सतारीच्या आणि दातांच्या कवळीच्या मध्ये, पाना सापडला. त्यावर मापाचा आकडा होता, गंज होता, आणि विकणाऱ्याच्या मते ‘इंग्लंडचं पोलाद’ होतं. किंमत त्यानं माझा चेहरा बघून सांगितली. माझ्या चेहऱ्यावर तेव्हा फार गरज दिसत असावी.

मोटरीचे कार्बन झिजून संपले होते. तसे कार्बन आता मिळत नाहीत, म्हणून मिस्त्रींनी मिक्सरचे घेतले आणि कानशीनं घासत घासत मापात आणले. बसल्या बैठकीला दीड तास. मी एवढ्या एकाग्रतेनं माणूस फक्त पंचांग बघताना पाहिला आहे. तेव्हापासून पंखा सुरू झाला, की आत कोणी शेंगदाण्याचं कूट करतंय असा भास होतो.

या सगळ्यात संक्रांत येऊन गेली. शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ करत नेहमीप्रमाणे निघून गेली. मिस्त्रींनी ‘थंडी संपायच्या आत’ असा शब्द दिला होता, पण मध्ये त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. मग छोट्या रेडिएटरला झाळणं देणारा कारागीर गावी गेला, मग रबरी पाइप आले ते अर्ध्या सुतानं मोठे. अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, सावलीत ३९ अंश असताना, हीटर जागेवर बसला.

नॉब ओढला. पंखा फिरला! अण्णांनी टाळ्या वाजवल्या. पण वारा कुठे लागेना. मिस्त्रींनी देवघरातली उदबत्ती मागवली आणि डब्यापुढे धरली. धूर आमच्याकडे येण्याऐवजी सरळ डब्यात शिरला.

“खेचतोय साहेब. उलटा फिरतोय.”

चूक हाताखालच्या पोराची नव्हती. आजच्या गाड्यांत बॅटरीचं उणे टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं असतं. मायनरमध्ये अधिक टोक जोडतात. तिचं सगळं अंगच अधिक. पोरानं बिचाऱ्यानं शिकल्याप्रमाणे तारा जोडल्या, आणि ज्या मोटरीत कायमचे लोहचुंबक असतात ती तारा उलट झाल्या की उलटी फिरते. अण्णांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, “बाळा, ही डावखुरी आहे. हिला उजव्या हातानं शिकवू नये.” दोन तारांची अदलाबदल झाली आणि उदबत्तीचा धूर आमच्या डोळ्यांत गेला. एवढ्या आनंदानं डोळे चोळलेली माणसं मी पाहिलेली नाहीत.

“मग निघू या,” अण्णा म्हणाले.

“कुठे?”

“महाबळेश्वरला. ठरलंय ना आपलं?”

जानेवारीचं ठरलं होतं, हे मी सांगून पाहिलं. बायकोनं हवामानाचा अंदाज वाचून दाखवला. अण्णा म्हणाले, “तिथे रात्री गार असतं,” आणि आत जाऊन माकडटोपी शोधू लागले.

जाता जाता कायद्याचंही सांगतो. २०२१पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळू शकतो. फी २०,००० रुपये, आणि गाडी रोजच्या वापरात काढायची नाही अशी अट. अण्णांना फी मान्य नाही. अट मात्र गाडी स्वतःहून कसोशीनं पाळत आली आहे.

तर मेच्या मध्यावर, पहाटे पाचला आम्ही निघालो. पुढे अण्णा, मागे सासूबाई आणि बायको, पायांशी पाण्याचे तीन कॅन. ८०३ सीसी, ३० अश्वशक्ती; त्यातले काही घोडे आता पेन्शनीत गेलेले. खंबाटकी चढलो, तेव्हा ट्रकवाले आदरानं हात करून पुढे जात होते. वाईला मिसळ खाल्ली. आणि पसरणीचा घाट लागला.

इथे एक गैरसोय नमूद करायला हवी. मायनरच्या डॅशबोर्डवर पाण्याचं तापमान सांगणारा काटाच नाही. गाडी तापली हे वासानं कळतं: आधी तापलेल्या रंगाचा, मग रबराचा, मग सासूबाई “काहीतरी लागलंय” म्हणतात तो. पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, त्यामुळे तो टाकायला गाडी जवळजवळ थांबवावी लागते. आणि चढावर थांबलेली मायनर पुन्हा निघेल की नाही हा तिच्या मर्जीचा भाग. चौथ्या वळणावर बॉनेटच्या फटींतून वाफ आली.

गाडी कडेला घेतली. मी रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेला, तोच बायकोनं फोनवर धरलेले मिस्त्री ओरडले, “झाकणाला हात लावू नका! निवू द्या. अर्ध्या तासानं पाणी भरा. मग मागची तोटी सोडा, पंखा लावा आणि काचा खाली करून चला.”

“मिस्त्री, गाडी तापलीय. हीटर कसला लावता?”

“अहो साहेब, हीटर म्हणजे दुसरा रेडिएटरच की. इंजिनातली गरमी गाडीत घ्या. इंजिन वाचेल.”

“आणि माणसं?”

“माणसं काय, घाम पुसतील.”

तोटी पन्नास वर्षांत फिरली नव्हती. पक्कड लावून, वर रुमाल गुंडाळून, दात-ओठ खाऊन ती सोडली. नॉब ओढला. शेंगदाण्याचं कूट सुरू झालं आणि वैशाखातल्या सकाळी साडेदहा वाजता डब्यातून असा काही झोत आला, की भर उन्हात चुलीपुढे बसल्यासारखं झालं. चारही जणांचे चेहरे लालबुंद. मागून सासूबाईंनी रामरक्षा सुरू केली. शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या मुलांनी, काचा बंद, एसी चालू, अशा थाटात आमच्याकडे बघितलं आणि फोटो काढला.

पण वाफ थांबली. पुढची वळणं गाडी एका सुरात चढली. पन्नास वर्षं बिनकामाचा म्हणून ज्याची टिंगल झाली, तो डबा बुडीत खात्यातून वसुली करत होता, तीही आमच्या नडग्यांतून.

पाचगणीत झाडाखाली थांबलो. सरबतवाला आमच्याकडे बघून न विचारताच चार ग्लास भरू लागला. मी बॉनेट उघडून तोटी बंद करायला गेलो, तर ती जागची हलेना. पक्कड घसरली, रुमाल फाटला. पुन्हा मिस्त्रींना फोन लावला.

“जोर नका लावू,” ते म्हणाले. “तुटली तर सगळं पाणी जाईल. राहू द्या उघडीच.”

“मग बंद कधी करायची?”

ते म्हणाले ते ऐकून मी फोन ठेवला. अण्णा पुढच्या सीटवरच बसून होते. माकडटोपी घातलेली, पाय डब्याला टेकवलेले, डोळे मिटलेले.

“काय म्हणतात मिस्त्री?”

“थंडीत बघू म्हणाले.”

“तेच बरं,” अण्णा म्हणाले आणि टोपी कानांवर ओढून घेतली.